कडू अंगारा

गोळीच्या मधोमध एक बारीक रेघ असते. तिच्यावर सुरीचं टोक ठेवून अंगठ्यानं दाबलं की गोळी सरळ दोन तुकड्यांत मोडते — रोज मोडते, पण आज एक कपची उडाली आणि कडप्प्याच्या ओट्यावर कुठे गेली ते दिसेना... कुंदानं हात पदराला पुसला, पण पदरही ओलाच, सगळी साडीच ओली, न्हाणीतून ती तशीच निथळत स्वयंपाकघरात आली होती आणि पायांशी पाणी साचत होतं... ओणवी होऊन, गाल जवळजवळ ओट्याला टेकवून ती शोधत राहिली. मोहरीच्या डब्यापाशी पडली होती कपची. ओल्या बोटाला ती आपसूक चिकटून आली. एवढीशीच, पण टाकून द्यायची तिची हिंमत नव्हती.

वेलदोडे कुटायचा पितळी खल तिनं दुमडलेल्या पंच्यावर ठेवला, म्हणजे आवाज होत नाही. दार आतून बंद. बत्ता दाबून फिरवायचा, आपटायचा नाही... आणि फिरवता फिरवता तिला नेहमीसारखी ती बोटं दिसली. 'भस्ममंडळ' कादंबरीत पहिल्याच प्रकरणात फितूर सभासदाची बोटं मठाधिपती दगडी खलात घालतो, एकेक करून, आणि वरून बत्ता आणतो, आणि लेखकानं त्या आवाजाचं वर्णन करण्यात अख्खं पान खर्च केलेलं — पहिल्यांदा वाचताना कुंदाला शिसारी आली होती. आता खलातली बोटं त्या फितुराची नसायची. ती काळपट, जाड, नखांत राख भरलेली, अंगारा देणाऱ्या धर्मराज महाराजांची असायची, आणि कुंदा ती शांतपणे दाबायची, पीठ होईपर्यंत.

"झालं का गं? पोरीची शाळेची वेळ झाली." दाराबाहेर सासरे, विष्णुपंत.

"सोवळ्यात आहे, अण्णा."

पावलं लगेच मागे सरकली. अंगारा आईनंच द्यायचा, न्हाऊन, ओलेत्यानं, दार लावून, दुसऱ्या कुणाची सावली पडू द्यायची नाही — हा नियम धर्मराजाचाच. रेल्वेत हेडक्लार्क म्हणून उभा जन्म काढलेले अण्णा तो नियम ऑफिसच्या सर्क्युलरसारखा पाळत. त्या माणसानं आपल्या हातानं मला प्रयोगशाळा बांधून दिली, कुंदाच्या मनात आलं, आणि तिला हसू आलं, आणि हसू आल्याचा रागही आला. तिनं भुकटी अंगाऱ्याच्या पुडीत मिसळली. राखाडीत पांढरं दिसेनासं होईपर्यंत काडीनं ढवळलं.

मग तिनं उमाला आत घेऊन दार पुन्हा लावलं. उमा पाटावर बसली, गणवेशात, वेण्या घातलेली. जिभेवर चिमूट ठेवताच तिनं तोंड वेडंवाकडं केलं.

"आई, कडू."

"गिळ. पाणी पी वरून."

"कडूच लागायला हवा," अण्णा दाराबाहेरून म्हणाले, "महाराज म्हणतात ना, आतलं बाहेर पडतंय म्हणून कडू. आणि बघ कशी शांत झालीय पोर."

शांत. गोळीनं येते ती गुंगी, मठ्ठपणा, पाढे म्हणताना मध्येच थांबणारी जीभ... पण झटका नाही. पावसाळा गेला, दिवाळी गेली, झटका नाही. शांत तर शांत. कुंदानं खल बंबातल्या राखेनं घासला — गॅस आल्यावरही ती राख तिनं मुद्दाम ठेवली होती, राखेच्या घरात राखेचा कुणाला संशय येत नाही. हे वाक्यही त्या कादंबरीतलंच बहुधा. हल्ली तिला आपलं कुठलं आणि पुस्तकातलं कुठलं ते नीट सांगता येत नसे.

अण्णा उमाला घेऊन गेले, आणि घर सुनं झालं, आणि सुनं झालं की ते नेहमी त्याच ठिकाणी परत जायचं... कोपऱ्यातला तो स्टुलाचा पाय, त्याच्याशी आपटणारं उमाचं डोकं, तोंडाला फेस, अण्णांनी नाकाशी धरलेली चप्पल, शेजारणीनं फोडून आणलेला कांदा. कल्याणच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या होत्या आणि बजावलं होतं की आपल्या मनानं थांबवायच्या नाहीत, एकदम बंद केल्या तर दुप्पट जोरानं येईल. गोळ्या लागू पडेपर्यंत धीर धरायचा होता, पण मधेच आणखी एक झटका आला, आणि अण्णांनी कुठून तरी बुवापाड्यातल्या धर्मराजाचं नाव आणलं. पूर्वी कुठल्याशा कंपनीत फिटर, संपात नोकरी गेली, मग अंगात येऊ लागलं. मोठा पत्र्याचा मांडव, गुरुवारची गर्दी. "औषध आणि अंगारा एका घरात नांदत नाहीत," तो म्हणाला होता, अगदी मऊ आवाजात, आणि अण्णांनी घरी येऊन गोळ्यांची बाटली मागच्या गटारात रिकामी केली होती.

ते तिनं सोसलं असतं. पण पहिल्याच गुरुवारी त्यानं कडुलिंबाचा ओला फोक मागवला. उमाला पालथी झोपवली. "बोल, कोण आहेस," असं तो तिला विचारी आणि फोक ओढी, आणि पोरगी "मी उमा, मी उमा" म्हणून रडे, आणि ते उत्तर चुकीचं म्हणून पुन्हा फोक... पाय झाडू नयेत म्हणून तिचे घोटे धरायला माणूस लागला. ते मधूनं धरले. तिच्या बापानं. केमिकल कंपनीतला शिफ्ट इंजिनियर, रिअ‍ॅक्टरचा काटा जरा इकडेतिकडे हलला तर ज्याची झोप उडते, त्यानं आपल्या पोरीचे घोटे दोन्ही मुठींत आवळून धरले आणि मान फिरवून मांडवाच्या पत्र्याकडे बघत राहिला. कुंदाला बायकांनी मागे ओढून धरलं होतं. तिनं एकीच्या मनगटाचा चावा घेतला होता, रक्त आलं होतं, त्याची चव तिला अजून आठवते. "आईच्या अंगातही आहे थोडं," धर्मराज हसून म्हणाला होता.

तेव्हापासून मी त्यांना रोज मारते. अण्णांचं डोकं मागच्या हौदात दाबून धरते, बुडबुडे थांबेपर्यंत. मधूला झोपेतच, उशीनं. धर्मराजाला मात्र घाई करत नाही, त्याला दिवस देते, दुपार देते, भाजी चिरता चिरता देते... आणि मग कुकरची शिट्टी होते आणि मी अण्णांना विचारते, वाढू का?

मधू आत झोपला होता. रात्रपाळी करून सकाळी आला होता, चहा घेताना इतकंच म्हणाला होता, "आज संध्याकाळी उमाला मांडवात पुढे बसवायचंय म्हणे. अण्णा शाळेतून परस्परच नेणार आहेत. तू येशील ना?"

"कशाला पुढे?"

"कुठल्या तरी पोरीला बघायचंय त्यांना. बरी झालेली मुलगी समोर असली तर बरं, असं काहीतरी." त्यानं बशी खाली ठेवली. "बरी झाली ना आपली, कुंदा. वाद कशाला."

वाईट माणूस नाही तो. हेच तर. उशी डोळ्यांसमोर आली आणि तिनं त्याच्या कपाची कड पुसली.

दुपारी जेवणं आवरून ती 'भस्ममंडळ' घेऊन बसली. स्टेशनच्या गल्लीतल्या लायब्ररीतून आणलेलं, कव्हरवर भगवी कफनी घातलेला सांगाडा आणि त्याच्या हातात चंचुपात्र. लेखकाला रसायनशास्त्रातलं ओ की ठो कळत नव्हतं — नायिका अ‍ॅसिडमध्ये पाणी ओतते आणि तिला काही होत नाही, कुंदानं बी. एस्सी. ला असं केलं असतं तर तोंड भाजलं असतं. पण कल्पना अशी होती की सह्याद्रीतल्या एका मठात पिढ्यान्‌पिढ्या साधूंच्या वेषात शास्त्रज्ञ राहतात. लोकांना औषध दिलं तर ते घेत नाहीत, शिव्या देतात, म्हणून ते राखेत मिसळून देतात. लोक बरे होतात, जयजयकार देवाचा होतो, आणि शास्त्रज्ञ गप्प बसतात. जो बोलेल त्याला मारायचं. एकाच्या कानात शिसं, एकाला विहिरीत उलटा टांगलेला, एकाला जिवंत गाडलेला. तिनं पहिल्यांदा हे पुस्तक आणलं तेव्हा उमाच्या पाठीवरचे वळ अजून काळेनिळे होते, आणि राखेत मिसळून देतात या वाक्यापाशी तिनं पुस्तक मिटलं होतं, आणि दुसऱ्या दिवशी फ्रॉकचं कापड आणते म्हणून उल्हासनगरला गेली होती.

कॅम्प एकमधलं मेडिकल, कारण अंबरनाथमध्ये सगळे ओळखीचे. डॉक्टरांची जुनी चिठ्ठी. काउंटरवरचा सिंधी म्हातारा चिठ्ठीकडे न बघता तिच्याकडे बघायचा. "भाभी, बच्ची कैसी है? बंद मत करना हां, ये दवा एकदम बंद नहीं करते." एवढं बोलणारा जगात तो एकटाच. तिच्या मंडळाचा दुसरा सभासद, आणि बिचाऱ्याला पत्ताच नाही. मंडळ... किती दिमाख वाटायचा तिला त्या शब्दाचा! धर्मराजाच्या मांडवात लोक उमाला हात लावून नमस्कार करत तेव्हा ती मागे बायकांत बसून मनात म्हणायची, माझी आहे ही करामत, गाढवांनो, माझी.

आज ती तिसऱ्यांदा तेच पुस्तक वाचत होती, शेवटचं प्रकरण. एका खेड्यात साथ येते. औषध उघड वाटलं तर खेडं वाचेल पण मंडळ फुटेल, आणि मठाधिपती म्हणतो, गुपित राहिलं पाहिजे, खेडं गेलं तरी चालेल. आणि पेटलेल्या झोपड्या, आणि वेशीवर प्रेतांचा ढीग... कुंदाला हे प्रकरण आवडायचं. मोठं वाटायचं.

मागच्या दाराची कडी वाजली. विठा, भांड्यांना. रोज तिची मुलगी अंजी बरोबर असायची, मोरीच्या कट्ट्यावर बसून नळाशी खेळायची. आज विठा एकटीच होती.

"अंजी कुठंय?"

"बापानं नेलीय सकाळीच, म्हाराजांकडं. दिवसभर उपाशी ठेवायची हाय ना." विठानं पदर खोचला आणि भांड्यांपुढे बसली. "आज डाग द्यायचाय तिला, वहिनी. दिवेलागणीला. विळा तापवून, बेंबीवर अन् कपाळावर. तुमाला ठाव न्हाई? तुमची उमा म्होरं बसणार हाय म्हनं."

पुस्तक कुंदाच्या हातात होतं. पानात बोट.

अंजीला झटके येतात हे तिला माहीत होतं. सरकारी दवाखान्यातून गोळ्या मिळतात हेही. पावसाळ्यापासून विठा दर गुरुवारी मांडवात दिसायची, तेही तिनं पाहिलं होतं, आणि विचारलं नव्हतं, कारण विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं.

"गोळ्या चालू आहेत ना तिच्या?"

"कवाच बंद केल्या." विठा कढई घासत होती. "तुमीच न्हाई का बंद केल्या उमाच्या? तिचा बाप म्हनला, एवढी शिकल्याली बाई, ती बंद करती, मंग आपुन कशापायी गिळायच्या. मला बी पटलं."

"आणि अंगारा?"

"देती की. तुमी देता तसाच, ओलेत्यानं. पर तिला त्यो कडूच लागत न्हाई, वहिनी." विठा पहिल्यांदा थांबली. "उमाला कडू लागतो. आतलं निघतंय म्हून. आमच्या अंजीला निस्ती राख लागती. म्या रोज इचारती, कडू लागलं का गं? न्हाई म्हनती. मारलं बी तिला, खोटं बोलती का म्हून. म्हाराज म्हनले, कडू लागत न्हाई म्हंजी मुळं धरून बसलंय. म्हून विळा."

नळाची धार कढईत पडत होती. लाल झालेला विळा, आणि त्याच्याखाली बेंबी, आणि कातडीचा तो आवाज, जो लेखकाला कधीच जमला नसता... चित्र यायला वेळ लागला नाही, सवयच होती, पण या वेळी विळा कुणाच्या हातात होता ते तिला दिसत होतं आणि तो हात तिच्याच बांगड्यांचा होता.

तरी पहिली बोलली ती कुंदा नव्हे, मंडळच बोललं. तिचं तिलाच नवल वाटलं, किती सफाईनं.

"हे बघ विठा, डाग आज नको. मी तुला माझ्याकडचा अंगारा देते. तो कडू असतो. तो देऊन बघ दोन-चार दिवस."

"तुमच्याकडचा कुठला? त्यो बी म्हाराजांचाच की."

"हो, पण..."

"मंग आमचा का कडू न्हाई?"

विठा वळून बघत होती. हातात काथ्या, कोपरापर्यंत फेस. साधा प्रश्न होता. त्याला उत्तर म्हणून काहीही सांगता आलं असतं. वार, तिथी, हाताचा गुण... तिच्या ओठांवर सगळं तयार होतं. आणि आतल्या खोलीत मधूनं कूस बदलली, खाट करकरली, आणि का कोण जाणे तिला घोटे आठवले. मधूच्या मुठीतले नव्हेत. अंजीचे, बारके, मळकट, पैंजणाचा काळा डाग पडलेले, मोरीच्या कट्ट्यावरून लोंबणारे. आज कुणीतरी धरील ते.

"त्यात गोळी असते," कुंदा म्हणाली. "मी कुटून घालते. झटक्याची गोळी. उमा गोळीनं बरी आहे, अंगाऱ्यानं नाही."

विठाला लगेच कळलं नाही. मग कळत गेलं. ते तिच्या चेहऱ्यावर उतरताना कुंदाला बघावं लागलं.

"कवापासनं?"

"पहिल्यापासून."

विठा उठली. सावकाश उठली, हात झटकले, आणि फेसाळल्या ओल्या हातानं कुंदाच्या थोबाडीत मारली. फार जोरात. कुंदाचं डोकं भिंतीवर आपटलं, कानात कर्र झालं, गालात दात रुतला आणि तोंडात रक्त आलं, आणि तिला वाटलं, अजून मारेल, मारू दे. पण विठानं मारलं नाही. ती ओरडलीही नाही.

"तुमच्या पोरीला गोळी," ती म्हणाली, "अन् माझ्या पोरीला राख."

मग तिनं चपलासुद्धा घातल्या नाहीत. मागचं दार उघडं टाकून निघून गेली. नळ वाहत राहिला.

"काय पडलं गं?" मधू झोपेतून.

"ताट."

इतकं सहज. तोंडात रक्त असताना, श्वास न अडखळता. कुंदानं नळ बंद केला. गाल थाडथाड उडत होता. आणि गालाला हात लावून उभी असताना तिच्या डोक्यात जे सुरू झालं ते इतकं थंड होतं की ती स्वतःच ऐकत राहिली... विठा सांगेल. भर मांडवात सांगेल. अण्णा तिथेच, उमाही तिथेच, सगळ्यांच्या पुढे बसवलेली. अण्णा घरी येऊन डबे उपसतील. आधी गोळ्या जातील. मग झटका, दुप्पट जोरानं, डॉक्टर म्हणाले तसा. आणि मग पुन्हा फोक, किंवा विळा गरम आहेच... पण विठाचं कोण ऐकणार? भांडीवाली. मी नाही म्हणायचं. हात जोडून, डोळ्यांत पाणी आणून म्हणायचं, हिची पोर बरी होत नाही म्हणून माझ्या पोरीवर जळते. धर्मराज माझ्याच बाजूनं बोलेल. त्याला उमा हवी आहे, माझ्याइतकीच. आम्ही दोघं एकाच मंडळातले... केव्हापासून?

आणि त्याहून खाली, त्या सगळ्याच्या तळाशी, अगदी साधी, शब्दांचीही नसलेली एक इच्छा होती, आणि ती तिनं नीट पाहिली. बुवापाड्याकडे जाताना कंपन्यांचा रस्ता ओलांडावा लागतो. तिथे टँकर वेगानं येतात. विठा रस्त्याकडे न बघता पळत असेल. अनवाणी, डोळ्यांत पाणी... आणि चित्र आलं, ब्रेकचा आवाज, फेसाळलेला हात डांबरावर, चाकाखालची ती साडी, आणि हे सगळं बघताना आपल्याला हायसं वाटलं. अण्णांना बुडवताना वाटलं नव्हतं, मधूच्या तोंडावर उशी दाबताना वाटलं नव्हतं, तसं हायसं, पोटातून.

कुंदानं तोंडातलं रक्त मोरीत थुंकलं. 

मी अशी आहे. ती मोठ्यानं म्हणाली की मनात, ठाऊक नाही. एवढे दिवस ती समजत होती की आपल्या आतलं हे सगळं त्या तिघांसाठी आहे, त्यांनी पोरीला मारलं म्हणून आहे, म्हणून ते चालतं. त्यात विठा कुठे होती? विठानं काय केलं होतं, तिच्यावर विश्वास ठेवण्यापलीकडे?

तिनं चपला पायांत सरकवल्या. डब्यामागची गोळ्यांची पट्टी घेतली, मुठीत धरली, पुन्हा ठेवली, पुन्हा घेतली. बाहेर ऊन कलायला लागलं होतं, कुठल्यातरी कंपनीचा गोड उग्र वास हवेत होता, आणि गल्लीच्या टोकाला विठाची हिरवी साडी अजून दिसत होती, मोठ्या रस्त्याकडे वळणारी.

"विठा!"

हाक जोरात गेली. शेजारच्या गॅलरीतून कुणीतरी डोकावलं. पण त्या हाकेत काय होतं, थांब, मी येते, मीच सांगते सगळ्यांसमोर — की थांब, बोलू नकोस — हे कुंदाला स्वतःला कळलं नाही, आणि पळत सुटल्यावरही कळेना. विठा मागे न बघता कोपऱ्यावरून वळली. कुंदा मूठ आवळून तिच्यामागे पळत राहिली, आपण तिच्यापाशी पोचलो की आपले हात तिला काय करतील याची जन्मात पहिल्यांदा भीती वाटत.